टोपलीतलं पाखरू

तिला सगळे सिस्टर म्हणायचे. खरं तर ती नर्सही नव्हती आणि मठातली धर्मभगिनीही नव्हती. अंथरुणाला खिळलेल्या माणसांना आंघोळ घालायची, कूस बदलून द्यायची, भरवायचं, चादरी बदलायच्या, हे तिचं काम. अगदी सुरुवातीला कुठल्याशा घरातल्या आजारी माणसाने 'सिस्टर' अशी हाक मारली, तिने ओ दिली, आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. चर्चमध्येही तेच. तिची नणंद म्हणायची, "साऱ्या जगाची सिस्टर झालीस, आता माझ्या वाट्याला काय उरलं गं वहिनी?"

"उरलंय ना वन्सं. तुमचे गुडघे."

नवरा गेल्यापासून या दोघीच राहत होत्या. नणंद शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेली. गुडघे गेले होते, जीभ शाबूत होती.

पूर्वी कुठल्या घरी जायचं ते ऑफिसातल्या बाई फोनवर सांगायच्या. "उद्या रविवार, तू काही येणार नाहीस, सोमवारपासून धर," असं त्या आपणहूनच म्हणायच्या. मग त्या बाई गेल्या आणि त्यांच्या जागी ॲप आलं. काम आलं की फोन पाखरासारखा चिवचिवायचा. पडद्यावर एक हिरवा गोल, एक लाल. हिरवा दाबला की काम आपलं, लाल दाबला की दुसऱ्या कुणाचं. नाही म्हटलं की नावापुढचे तारे कमी होत. तारे कमी झाले की कामं यायची ती लांबची, जिने चढायला लावणारी, नाहीतर जिथे आधीच्या तिघीजणी रडून निघून गेल्या अशा घरांची.

तरी दर शनिवारी संध्याकाळी ती 'सुट्टी' दाबायची. सोमवारी पाखरू जरा उशिराच बोलायचं. काय समजायचं ते ती समजायची.

"रविवारचं भाडं भरतेस तू," नणंद म्हणायची.

"भरते. घर चांगलं आहे."

चर्चमध्ये टोपली आली त्यालाही एक फोनच कारण झाला होता. पाळकसाहेब देवाच्या कृपेवर उपदेश करत होते. म्हणाले, कृपा कधी आटत नाही. तेवढ्यात कुणाच्या तरी खिशातली बाई खणखणीत आवाजात बोलली, "आपली शिल्लक संपली आहे." मंडळी हसली, पाळकसाहेबही हसले, पण पुढच्या रविवारी दारात वेताची टोपली दिसली. येताना फोन तिच्यात ठेवायचा, जाताना उचलायचा. मग लक्षात आलं की अर्ध्या लोकांची गाणी फोनमध्येच होती. कपाटातून गीतांची पुस्तकं काढावी लागली, त्यांच्या धुळीने पहिलं गाणं शिंकण्यातच गेलं.

टोपलीजवळ अण्णा बसायचे. चर्चच्या कारभार पाहणाऱ्यांतले सगळ्यात जुने वडीलधारे. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, पण स्वतःचा फोन बटणांचा आणि विजेरी असलेला. ते कौतुकाने सांगायचे, "माझा पडला तर फरशी फुटेल."

त्या रविवारी ती रात्रपाळीवरून परस्परच चर्चला आली. तिच्या जागी येणारी बाई उशिरा पोहोचली होती, म्हणून घरी जाऊन तोंड धुवायलाही वेळ मिळाला नव्हता. हातांना अजून जंतुनाशकाचा वास होता. पण तो प्रभुभोजनाचा रविवार होता. त्यांच्याकडे तो महिन्यातून एकदाच येई आणि गेल्या खेपेला नणंदेच्या तापामुळे तिचा चुकला होता. आज चुकवायचा नव्हता. सगळा आठवडा ती तेवढ्या एका गोष्टीवर चालत आली होती. बसायचं, कुणाला उचलायचं नाही, आणि दुसऱ्या कुणीतरी आपल्या हातावर प्रभुभोजनाच्या भाकरीचा तुकडा ठेवायचा.

तिने फोन टोपलीत ठेवला. शनिवारी ती आजाऱ्याच्या उशाशी होती, 'सुट्टी' दाबायची राहूनच गेली होती. हे तिच्या ध्यानातही नव्हतं.

उपासना पापकबुलीपर्यंत आली. या वेळी सगळे डोळे मिटून गप्प बसतात, प्रत्येकजण मनातल्या मनात. त्या शांततेत दारातून चिवचिवाट ऐकू आला. थांबला. पुन्हा सुरू झाला. मग एकदम बंद. तिने डोळे उघडले नाहीत. थकल्या माणसाला आपला आवाजही दुसऱ्याचा वाटतो.

पाळकसाहेबांनी प्रभुभोजनाच्या मेजावरचं पांढरं कापड दुमडून बाजूला ठेवलं. पुढच्या रांगेतले लोक उठून उभे राहिले. तेवढ्यात अण्णांचे बूट करकरत आले, आणि ते तिच्या बाकाशी वाकले.

"सिस्टर, तुझाच ना गं हा फोन? फार ओरडत होता. मी गप्प केला, तर आता त्यातून कोणी बाई विचारतेय, किती वेळात पोहोचता म्हणून."

तिने फोन हातात घेतला. काम स्वीकारलेलं होतं. पत्ता होता. निघण्याची वेळ होऊन गेली होती.

"अण्णा, तुम्ही कोणतं दाबलंत?"

"हिरवं. लाल दाबलं तर काही बिघडेल असं वाटलं. हिरवं म्हणजे सगळं ठीक ना?"

त्यांच्या चेहऱ्यावर इतका भाबडेपणा होता की रागावायलाही जागा नव्हती. आणि रागावायला ताकद लागते.

घेतलेलं काम सोडता आलं असतं. तारे गेले असते, ते तसेही जात होतेच. पण पत्त्याखाली लिहिलं होतं: वृद्ध गृहस्थ, अर्धांगवायू, सकाळपासून कोणी आलेलं नाही. सकाळपासून कोणी आलेलं नाही म्हणजे काय, हे त्या चर्चमध्ये तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. ओली चादर. तीच कूस. लाज.

तिच्यापुढे मेजापर्यंत चार-सहा माणसंच उरली होती. ती पिशवी उचलून उलट्या दिशेने चालू लागली. पाळकसाहेबांनी हातात ताट धरून तिची पाठ पाहिली, आणि क्षणभर त्यांचे शब्द अडखळले.

घर सहाव्या मजल्यावर होतं, लिफ्ट चालू होती, त्याबद्दल तिने देवाचे आभार मानले. दार त्या गृहस्थांच्या मुलीने उघडलं. कानात इयरफोन, हातात लॅपटॉप, डोळे सुजलेले.

"किती उशीर! ॲपवर तर दाखवत होतं की तुम्ही लगेच…" मुलगी तिच्याकडे नीट बघून थांबली. "तुम्ही रात्रीच्या कामावरूनच आलात का?"

"पाणी गरम आहे का?" सिस्टर म्हणाली.

म्हातारबाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. तिने चादर ओढली, बाबांना धुतलं, पुसलं, पाठीला पावडर लावली, उशी गुडघ्यांमध्ये दिली. काम हातांना पाठ होतं. डोकं मागेच कुठेतरी बाकावर बसून राहिलं होतं.

कोरड्या चादरीवर आल्यावर बाबांना बोलावंसं वाटलं. त्यांची नजर तिच्या गळ्यातल्या क्रुसावर गेली.

"आज रविवार ना? तुमचं चर्च असेल."

"होतं."

"मग तुमचा देव रागावेल."

"रागावून घरी पाठवलं तर बरंच होईल बाबा. झोप तरी मिळेल."

बाबा हसले. अर्धं तोंड हललं, अर्धं तसंच राहिलं. "मला वार कळत नाहीत. सगळे छतासारखेच. तुम्ही पुढच्या रविवारी येणार?"

तिने पाण्याची बादली उचलली.

खाली उतरली तर फोन पुन्हा चिवचिवला. बाबांच्या मुलीने सगळे तारे दिले होते. आणि खाली प्रश्न होता: 'आपण आता रविवारी उपलब्ध आहात असे दिसते. दर रविवार सुरू करावा का?' एक हिरवा गोल, एक लाल. 'उपासनेनंतर येते' असं लिहायला कुठे जागाच नव्हती. तिने शोधून पाहिलं.

घरी येऊन तिने पिशवी टेकवली आणि नणंदेला सगळं सांगितलं.

"हो म्हणून टाक," नणंद भाजी निवडता निवडता म्हणाली. "जवळची कामं येतील. उपासना काय, फोनवर दिसतेच की. मी नाही का इथून बघत? आमेन म्हणते, डाळीला फोडणी देते."

"वन्सं, तुमचे गुडघे आहेत म्हणून."

"आणि तुझी कंबर नाही?"

खुर्चीवर बसल्या बसल्या तिचा डोळा लागला.

जाग आली ती दारावरच्या टकटकीने. संध्याकाळ झाली होती. दारात पाळकसाहेब आणि त्यांच्यामागे अण्णा. पाळकसाहेबांच्या हातात ती छोटी काळी पेटी होती, आजाऱ्यांच्या घरी प्रभुभोजन नेण्याची. सिस्टरने ती पेटी कितीतरी खाटांशेजारी पाहिली होती, आपल्या टेबलावर कधीच नाही.

"साहेब, मी आजारी नाहीये."

"आरशात बघ," अण्णा म्हणाले, आणि लगेच खाली बघू लागले. "माझ्यामुळे झालं. मी दुपारपासून जेवलो नाही."

"म्हणजे आता यांना वाढायला पण लागणार," नणंद आतून म्हणाली आणि दोन ताटल्या जास्त काढल्या.

बसल्यावर सिस्टरने पाळकसाहेबांना फोनवरचा प्रश्न दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो वाचला. मग मृदू आवाजात म्हणाले, "आजाऱ्याची सेवा हीसुद्धा उपासनाच आहे. तू हो म्हणालीस तरी प्रभू..."

"साहेब, ती उपासना मी सहा दिवस करते," ती म्हणाली. आवाज चढला नाही, चढवायला तो उरलाच नव्हता. "एक दिवस मला नुसतं बसायचंय. कुणीतरी दुसऱ्याने उचलावं मला. बाबांकडे दुसरी कोणी जाईल, ॲप पाठवेल. मी चर्चला नाही गेले तर माझ्या बाकावर बसायला ते दुसरी पाठवणार नाही."

पाळकसाहेबांनी पेटी उघडली. भाजीच्या देठांशेजारी पांढरा रुमाल पसरला, वर चांदीचा छोटा पेला ठेवला. नणंदेने डोक्यावर पदर घेतला.

तेवढ्यात चिवचिवाट झाला. प्रश्नाचं उत्तर अजून बाकी होतं ना, त्याची आठवण. अण्णांनी दोन्ही हात झटकन पाठीमागे बांधले, जणू कुणी त्यांच्यावर आळ घेणार होतं. नणंद फिसकन हसली. सिस्टरलाही हसू आलं, त्या दिवसातलं पहिलं.

तिने फोन घेतला, लाल गोल दाबला, आणि तो पालथा करून देठांच्या टोपलीत ठेवला.

"आता चालू द्या, साहेब," ती म्हणाली आणि ओंजळ पुढे केली. अण्णांनी खालून तिच्या हातांना आधार दिला.

सोमवारी सकाळ सरली, दुपार झाली, पाखरू बोललं नाही. सिस्टर भिंतीकडे तोंड करून झोपली होती. नणंदेने दोनदा फोन उचलून कानाशी धरून पाहिला.

"वहिनी, मेलं की काय गं हे?"

"झोपलंय," ती डोळे न उघडता म्हणाली. "झोपू दे त्यालाही."

उन्हं कलल्यावर ते बोललं. गावाबाहेरचं घर, दोन बस बदलून जायचं, चौथा मजला, लिफ्ट नाही. तिने पत्ता वाचला, हिरवा गोल दाबला, आणि पलंगाखालून चपला पायाने ओढून घेतल्या.