फर्स्ट फ्लोर म्हणजे नेमका कुठला?

लाकडी क्रेट उघडून झाला होता. क्रेनवाले पट्टे गळ्यात अडकवून उभे होते, आणि एलिनॉरबाई हाताची घडी घालून म्हणाल्या, "इथे नाही. मी फर्स्ट फ्लोर सांगितला होता."

"मॅडम, हा फर्स्ट फ्लोरच आहे," आमचा डायरेक्टर मार्क म्हणाला.

"मला फर्स्ट फ्लोर कळतो."

"मलाही कळतो."

असं बराच वेळ चाललं. मी शिकागोजवळच्या एका म्युझियममध्ये रजिस्ट्रार आहे. शाळा-कॉलेजातली नव्हे. बाहेरून काही काळासाठी आणलेली कलाकृती जशी आली तशीच परत जाईल, हे बघणं माझं काम. वर्षानुवर्षं तेच करत आल्याने आता कुठलंही भांडण सुरू झालं की मी आधी खुर्ची शोधते.

प्रदर्शन आधुनिक ब्रिटिश शिल्पांचं होतं. त्यातलं सगळ्यात मोठं, दोन टनांचं चुनखडीच्या दगडाचं शिल्प एलिनॉरबाईंच्या वडिलांनी घडवलेलं. मालक वस्तूसोबत जो माणूस पाठवतो, त्याला आमच्याकडे कुरिअर म्हणतात. इथे मालकीणबाईच कुरिअर होऊन लंडनहून आल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे.

"वडील गेल्यापासून हा दगड गोदामातच पडलाय," त्या मला म्हणाल्या. "इतका प्रवास मला पुन्हा जमणार नाही. एकदा तरी लोकांना तो नीट बघू दे. ते होणार नसेल तर क्रेट बंद करा."

नीट म्हणजे दिवसाच्या उजेडात. आम्ही उभे होतो त्या खालच्या गॅलरीत एकही खिडकी नाही. स्पॉटलाइट लावून पाहिले, तर दगड साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत दिसायला लागला. छिन्नीच्या खुणा सगळ्या गायब. बाईंनी त्यावर एकदा हात फिरवला आणि तोंड वळवलं.

उशिरा का होईना, माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझं बालपण नाशिकला पहिल्या मजल्यावर गेलं. म्हणजे एक जिना चढून. इंग्रजांचंही तसंच. रस्त्याच्या पातळीचा तो ग्राउंड फ्लोर. अमेरिकेत मात्र रस्त्याच्या पातळीलाच फर्स्ट म्हणतात. बाईंनी पूर्वी इथे येऊन वरची, खिडक्यांची गॅलरी पाहून ठेवली होती, आणि झूमवर त्या 'फर्स्ट फ्लोर' म्हणाल्या. मार्कने आनंदाने खालची गॅलरी रिकामी केली. दोघंही खरं बोलत होते.

पण चूक सापडली म्हणून दगड हलका होत नाही. आमच्या बिल्डिंगचं काम बघणाऱ्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला, नागपूरच्या प्रसादला, मी फोन केला.

"ताई, वरचा स्लॅब एवढा लोड घेणारच नाही. विषय संपला."

"आणि लॉबी?"

"लॉबीखाली बेसमेंट नाहीये, डायरेक्ट जमीन आहे. तिथे हत्ती ठेवा ना यार!"

लॉबीला पश्चिमेकडे सबंध काचेची भिंत आहे. पण तिथे कोट ठेवायचं काउंटर होतं, देणगीदारांच्या नावांचा बोर्ड होता. मार्क ऐकेना. "प्रदर्शनातली मुख्य वस्तू ओल्या कोटांच्या शेजारी?"

"मार्क, काउंटर हलतं," मी म्हटलं. "या बाई हलणार नाहीत. आणि बाहेर बर्फ पडतोय, मला ट्रेनने घरी, नेपरव्हिलला पोचायचंय."

त्याने दोन्ही हातांनी चेहरा चोळला आणि काउंटर हलवायला सांगितलं.

उद्घाटनाच्या दिवशी दुपारी ऊन पडलं. काचेतून तिरपा उजेड आला आणि छिन्नीची एकेक रेघ वर आली. बघायला मात्र कुणाला वेळ नव्हता. लोक बुटांवरचा बर्फ झटकत होते आणि दगडाकडे पाठ करून विचारत होते, "प्रदर्शन कुठून सुरू होतं?" मला बाईंकडे बघवेना.

मग एक माणूस, एक हात कोटाच्या बाहीतच अडकलेला, तसाच थांबला. वाकला. त्या रेघांमागून हवेतच बोट फिरवत दगडाभोवती गेला.

एलिनॉरबाईंनी माझा दंड घट्ट धरला. "थांबला," त्या म्हणाल्या. "बघ, थांबला तो." त्या रडत होत्या. माझेही डोळे भरून आले, पण मी इतकी दमले होते की नेमकं कशाने ते सांगता येणार नाही.

तेव्हापासून मीटिंगमध्ये मी कुठला मजला असं विचारतच नाही. "जिना चढायचा की नाही?" एवढंच विचारते. नवीन माणसं एकमेकांकडे बघतात. बघू देत.