ओंडक्यांची खानावळ आणि गिरिजाक्काची पळी

अन्याय गिरिजाक्कावर झाला. पोळ्याच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, आत पंगत बसलेली असताना. रस्ता रुंद करणाऱ्यांनी आमच्या मन्नाएखेळ्ळी गावातल्या तिच्या खानावळीच्या दारखांबावर लाल फुली मारली. विचारल्यावर म्हणाले, “लाकडी शेड आहे, दोन तासांत निघंल.” महिन्याभरानं अक्का गेली. फुलीमुळं गेली असं मी म्हणणार नाही. वय झालं होतं. पण शेवटपर्यंत ती फुली तिच्या डोळ्यांसमोर होती, एवढं लिहिणारच.

कडगंचीला विद्यापीठात मला ती गेल्याचा फोन आला आणि आधी वास आठवला... जुन्या सागाचा, धुराचा, तुरीच्या वरणाचा. आमच्याकडं घरं दगडाची. ओंडक्यांवर ओंडके रचलेलं हे एकच. निजामाच्या राज्यात आदिलाबादच्या जंगलातून लाकडं आणणाऱ्या तिच्या सासऱ्यानं ते उभारलं. रीत मात्र अक्काची. नवरा गेल्यावर एकटीला हात पुरेनात, तेव्हा तिनं ठरवलं: ती भाकरी थापणार, आणि जेवून उठणाऱ्यानं पुढच्याला वाढायचं.

माझे आजोबा बौद्ध, शेतमजूर. पहिल्यांदा तिथं जेवले आणि गुपचूप दाराकडं निघाले, कारण पुढच्या ताटावर गावचे जमीनदार अप्पा बसलेले. अक्का चुलीपुढूनच म्हणाली, “कुठं चाललाव मामा? पळी कोण धरंल?”

“अप्पास्नी चालंल का, अक्का?”

“भूक लागली आसंल तर चालतंय. न्हाई तर भाईर वारं लई ग्वाड हाय, ते खा म्हणावं.”

अप्पांनी ताट पुढं सरकवलं. म्हणाले, “वरण जरा वरचं, फोडणीचं वाढ.” हे सांगताना आजोबा दरवेळी इथं थांबायचे. समतेची पत्रकं, घोषणा मी नंतर शिकले.

शेवटच्या भेटीत मी फुलीविरुद्धच्या मोर्चाचं बोलत होते. “बोंबलायलीस कामून? आधी जेव,” अक्का म्हणाली. जेवून उठले तर मागं कुणीच नाही. दारापुढं रस्त्यासाठी खणलेला चर, गाड्या थांबणार कुठं? मी पळी धरून उभी. अक्का पदराला हात पुसत ताटावर येऊन बसली. “मला वाढ की.” तिला तिथं जेवताना मी कधीच पाहिलं नव्हतं.

पळी अजून त्या खांबालाच लटकते, फुलीशेजारी. तिची सून चूल पेटवते. वाचून हळहळू नका. या रविवारी या, जेवा, उठल्यावर पळी धरा. पाडणारे आले तर त्यांनाही वाढा, रीत तीच. पण पंगत उठू देऊ नका.