धुऊन उरलेलं

गलाईवाल्याच्या नजरेत संशय मुरलेला असतो. आमचा धंदाच तसा. मी विट्याचा. सोनं गाळायला म्हणून दूरच्या एका मोठ्या शहरात गेलो आणि उमेदीची सगळी वर्षं तिथंच घातली. सोनारांच्या दुकानातली झाडलोटीची धूळ आम्ही विकत घ्यायचो. ती जाळायची, मग पाण्यात धुवायची. माती वाहून जाते, धातू तळाला राहतो. आमचं दुकान भर चौकात होतं. खिडकीत रोज गाड्यांच्या धुराची काळी पूड साचायची, बोटांना तेलकट लागायची. सोनाराच्या धुळीत सोनं, मग या धुळीत काय, असं सारखं मनात यायचं. पण ती धुऊन बघणार कोण?

आता गावी परतलोय. घरापुढचा रस्ता रुंद झाला, अंगण आखडलं, आणि उसाच्या ट्रॉल्यांपासून कंटेनरपर्यंत सगळं दारातनं जातं. उरलेल्या पट्टीत बायकोनं पोकळा लावला. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली; पालेभाजीनं तिचं रक्त वाढेल म्हणून हा खटाटोप. मी एक पान पांढऱ्या रुमालानं पुसलं. रुमाल काळा झाला.

"ही भाजी लेकीला घालू नगंस," मी म्हटलं.

"आवं, तीनदा धुतीया की. तुमाला सगळ्यातच खोट दिसती."

"धुऊन माती जाती. धातू ऱ्हातो. आपलं घर त्याच्यावरच उभं हाय."

"बरं, काढती तितनं," ती म्हणाली. इतकं सहज ऐकलं म्हणून मला तिचाच संशय आला. पण पुढची पट्टी खरंच मोकळी झाली, आणि थोड्या दिवसांत परसात, घराच्या आडोशाला, पत्र्याच्या डब्यांत पोकळा तरारला. मी रुमाल घेऊन गेलो. पान पुसलं, रुमाल पांढराच. बायको हसली, मीही हसलो. जीव भांड्यात पडला. लेक रोज भाकरीबरोबर ती भाजी आवडीनं खायची आणि मी समोर बसून बघायचो.

काल सहज डब्यात हात घातला. माती काळी, मऊ. आमच्या परसात तर नुसता मुरूम.

"ही माती कुठली गं?"

"फुडल्या पट्टीतलीच की. एवढं शेणखत घालून केल्याली, टाकून द्यायची व्हय?"

आतून लेक आणखी थोडी भाजी मागत होती.