चौदा पायऱ्या आणि पहिलीचा वर्ग

शिकवलेलं मुलं घरी घेऊन जातात आणि फजिती तेवढी बाईंकडे राहते, अशी आमच्या धंद्याची वाटणी असावी. मला निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, पण मी कोणाला काय शिकवलं ते विचाराल तर आठवावं लागेल. फजितीचे किस्से मात्र पोतंभर आहेत. एक काढला की त्याच्या शेपटीला धरून दुसरा येतो.

हे सगळे एका वर्षातले, पन्नास सालानंतरचे. कुंभकोणमला महामहम तळ्यामागच्या गल्लीत आमची शाळा होती. मुलाखतीत मोठ्या टीचरांनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, मला काय काय येतं ते विचारलं. मी उत्साहाच्या भरात सांगितलं की गाणी येतात, भजनं येतात आणि लहान मुलं फार आवडतात. शेवटचं सांगायला नको होतं! ज्या तीन मुलांना कुठलीच बाई घ्यायला तयार नव्हती, ती तिन्ही माझ्या शिशुवर्गात आली.

घरी आई म्हणाली, "अस्कं सांगून मोकळी झालीस. आता सांभाळ." आमच्या तंजावरी मराठीत अस्कं म्हणजे सगळं.

तिघांपैकी गोविंदनला जन्मापासून दिसत नव्हतं. वेंकटेशनला ऐकू येत नव्हतं. कामाक्षीचा डावा पाय तापात लुळा पडला होता. उरलेली पस्तीस धडधाकट होती, आणि खरा त्रास त्यांचाच होता.

*

कामाक्षीचे आजोबा स्वामीमलैचे मूर्तिकार. पंचधातूच्या देवमूर्ती ओतायच्या हे त्यांचं पिढीजात काम. पहिल्या दिवशी ते तिला खांद्यावर घेऊन बसनं आले. मोठ्या टीचरांनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि अट घातली. वर्षभर शिशुवर्गात बसू दे, पण पहिलीचा वर्ग माडीवर आहे. वर्षाच्या शेवटच्या दिवशी स्वतःच्या पायानं जिना चढली तर पहिली, नाहीतर घरी.

मला राग आला. पण नोकरी नवी होती, म्हणून मी तो गिळला.

कामाक्षी मात्र खांद्यावरून खाली उतरवा म्हणाली. बुड घासत जिन्यापर्यंत गेली, एकेक पायरी बोटानं मोजली आणि परत येऊन मला सांगितलं, "टीचर, चौदाच आहेत."

*

गोविंदन माणसं पावलांवरून ओळखायचा. हे किती घातक आहे ते मला एका सोमवारी कळलं.

त्या दिवशी मला उशीर झाला होता. मोठ्या टीचर व्हरांड्यात पाठमोऱ्या उभ्या होत्या. मी चपला हातात घेतल्या आणि मागच्या दारानं, श्वास रोखून, चवड्यांवर वर्गात शिरले. गोविंदन ताडकन उठला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "वणक्कम टीचर! आज अनवाणी का आलात?"

त्याच्यामागे ती पस्तीस धडधाकट मुलं उभी राहून वणक्कम म्हणाली. मोठ्या टीचर वळल्या तेव्हा माझ्या हातात चपला होत्या.

*

वेंकटेशननं प्रत्येकाला एकेक खूण देऊन टाकली होती. माझी खूण म्हणजे पदरानं नाकावरचा घाम पुसणं. मोठ्या टीचरांची खूण म्हणजे दोन्ही गाल फुगवून चष्मा वर सरकवणं. महिन्याभरात सगळा वर्ग हातांनीच बोलायला लागला. मी शिकवलं नव्हतं. उलट मीच मागे पडले होते.

एकदा मोठ्या टीचर दारात येऊन थांबल्या. वर्गात चिडीचूप. त्यांनी माझी पाठ थोपटली, म्हणाल्या की एवढी शिस्त माडीवरच्या वर्गांतही नाही. सदतीस मुलं त्यांच्याकडे बघत होती आणि त्यातली निम्मी गाल फुगवून चष्मा सरकवत होती. त्यांनी विचारलं, हे काय? मी सांगितलं, ही आदराची खूण आहे.

त्या खूश झाल्या. जाताना त्यांनीही वर्गाला गाल फुगवून दाखवले. हसू आवरताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

*

दिवाळीनंतर कामाक्षीचे आजोबा लाल कापडात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले. उघडलं तर पितळेचा चकचकीत आधार, पायात घालायचा. घोट्याशी नक्षी, तळाशी कमळाच्या पाकळ्या. देवीलाही हेवा वाटावा असं काम. पण पायात काही बसेना. दोन बोटं लांब झाला होता, आणि कामाक्षीपेक्षा जडही असावा.

मी विचारलं, माप कसं घेतलं? ते म्हणाले, नेहमी घेतो तसंच. नारळाच्या झावळीची पट्टी तिच्या चेहऱ्याला लावली, घड्या घातल्या आणि शास्त्राप्रमाणे पायाची लांबी काढली. चेहऱ्यावरून अख्खी मूर्ती निघते, मग पाय का निघणार नाही?

मी भीत भीत म्हटलं, कुठेतरी माप चुकलं असेल. म्हातारा तडकला. म्हणाला, चाळीस वर्षांत माप चुकलेलं नाही, पायच चुकलाय.

कामाक्षी त्यांच्याकडे बघत होती. "तात्ता," ती म्हणाली, "मी देवी नाही. मला जिना चढायचाय."

मग त्यांनी कनवटीची पट्टी काढली, खाली बसले आणि तिच्या त्या बारीक पायालाच ती लावली. मला बघवेना, म्हणून मी फळा पुसत बसले, पुसलेलाच.

नवा आधार लाकूड आणि चामड्याचा झाला. हलका होता. गुडघ्याला पितळेची बिजागरी होती, ती प्रत्येक पावलाला टिक् वाजायची. तळव्याखाली, कोणाला दिसणार नाही अशा जागी, एक कमळ होतंच.

*

मग जेवणाच्या सुट्टीत जिन्याचा सराव सुरू झाला. कामाक्षी कठडा धरून चढायची. गोविंदन खाली बसून टिक् टिक् मोजायचा. वेंकटेशन वरून तिच्या पायाकडे लक्ष ठेवायचा आणि मोठ्या टीचर येताना दिसल्या की गाल फुगवायचा.

खरं तर जिन्यावर त्या येण्याची भीती नव्हती. माडीवरच्या मुलाला ओरडायचं असलं तरी त्याला खाली बोलावून ओरडत. हजेरीपट आया वर नेऊन देई. आम्हाला वाटे, काय हा रुबाब!

उन्हाळ्याच्या सुट्टीला आठवडा उरला तेव्हा कामाक्षीच्या नऊ पायऱ्या झाल्या होत्या. दहाव्या पायरीवर ती रोज पडायची. मी रोज घरी जाऊन आईशी भांडायचे, कारण दुसऱ्या कोणाशी भांडता येत नव्हतं.

*

त्याच आठवड्यात इन्स्पेक्टर आले. मला गोविंदनच्या कानांचा फार अभिमान, तो मी त्यांच्यापुढे मिरवला. ते म्हणाले, बघू तर खरं, कोण कसं चालतं? गोविंदननं जमिनीवर हात आपटून माझी पावलं वाजवली, आयाची वाजवली. मग मोठ्या टीचरांची वाजवली, एक जड आणि एक हलकं.

इन्स्पेक्टरांना गंमत वाटली. त्यांनी विचारलं, आणि जिना चढताना?

"मोठ्या टीचर जिना चढत नाहीत," गोविंदन म्हणाला. "सगळे घरी गेले की चार पायऱ्या चढतात, थांबतात आणि उतरतात. अण्णा मला न्यायला येईपर्यंत मी बसतो ना, तेव्हा ऐकतो. रोज चारच."

माझी नोकरी गेली, असं मी धरूनच चालले. मोठ्या टीचर भिंतीवरच्या नकाशाकडे बघत राहिल्या. इन्स्पेक्टरांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि कॉफी मागितली.

शेवटच्या दिवशी कामाक्षी बिजागरीला तेल घालून जिन्यापाशी उभी राहिली. मोठ्या टीचर आल्या, तिच्याशेजारी थांबल्या आणि चौदा पायऱ्यांकडे बघितलं. मग म्हणाल्या, "घरी जा. जूनमध्ये बघू."

अख्खी सुट्टी मला अन्न गोड लागलं नाही.

*

जूनमध्ये शाळा उघडली तर फळ्यावर सूचना. हवा खेळती राहावी म्हणून पहिलीचा वर्ग खाली आणि चौथीचा वर.

मला नाचावंसं वाटत होतं. कामाक्षी मात्र भडकली. सुट्टीत तिनं आजोबांच्या कारखान्याच्या जिन्यावर सराव करून पायऱ्या बारापर्यंत नेल्या होत्या, त्या काय वाया घालवायच्या? ती तीन दिवस कोणाशी बोलली नाही.

चौथ्या दिवशी तिचे आजोबा शाळेत आले, आणि नातीला न भेटता सरळ मोठ्या टीचरांच्या खोलीत गेले. दार लावलं गेलं. बाहेर आले तेव्हा झावळीची पट्टी कनवटीला खोचत होते. मी काय विचारायचं ते विचारलं. ते म्हणाले, "बस सुटेल माझी."

पुढच्या महिन्यात एका सकाळी मी पहिलीत खडू द्यायला गेले होते. गोविंदन आणि कामाक्षी नेहमीसारखे शेजारी बसले होते. व्हरांड्यातून पावलं आली, टिक् टिक् करत, आणि जिन्याकडे वळली. गोविंदननं मान वर केली, ऐकलं आणि हात लांबवून कामाक्षीचा खांदा चाचपला.

"तू तर इथेच आहेस," तो म्हणाला. "मग जिन्यावर कोण चढतंय?"