ब्रॅकेटला बांधलेला लाल टॅग

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक लाल स्पोर्ट्स कार उभी असते. तिच्यात दोनच माणसं बसतात आणि उतरताना त्यांना एकमेकांचा हात धरावा लागतो. मोशीतला प्रत्येक गतिरोधक तिला तिरकं होऊन ओलांडावा लागतो, त्यामुळे ती चालते कमी आणि पुसली जाते जास्त.

तिचा मालक नवव्या मजल्यावर राहतो. आमची इमारत जिथे आहे तिथे पूर्वी त्याच्या आजोबांची ज्वारी उभी असायची. चाळिशीचा, मोठ्या आवाजाचा, मोकळ्या स्वभावाचा माणूस. त्याच्या वाढदिवसाला चौकात फ्लेक्स लागतो. मी दूध आणायला त्याच्याखालून जातो तेव्हा तो वरून नऊ वेगवेगळ्या फोटोंतून मला हात जोडतो. प्रत्यक्षात भेटला की मात्र एकदाच नमस्कार करतो आणि पिशवी हातातून काढून घेतो. त्यामुळे त्या नऊ जणांवर मी फार राग धरत नाही.

एका सोमवारी तो प्लास्टिकची बादली घेऊन आमच्या दारात आला. बादलीत काळवंडलेल्या पट्ट्या, गंजलेले बोल्ट आणि काळे रबर होते.

"काकू, येवढं चकाचक करून द्या. रविवारी गाड्यांचं प्रदर्शन हाय. जुन्या स्पोर्ट्स गाड्या येणारेत. जज येणारेत."

काकू म्हणजे माझी बायको. मला त्यानं "सर, बसा" म्हटलं. घर माझंच असल्यामुळे मी बसलो.

बायकोनं बादलीतला एक ब्रॅकेट उचलला आणि उजेडाकडे धरला. ज्या पद्धतीनं धरला त्यावरून मला कळलं की या आठवड्यात आपल्याला चहा स्वतःच करायचा आहे.

ती चाकणच्या एका कंपनीत बावीस वर्षं तपासणीच्या टेबलावर होती. आम्ही दापोडीला रेल्वेच्या कडेला एका खोलीत राहायचो तेव्हापासून. गाडीच्या सायलेन्सरला खालून धरून ठेवणारे ब्रॅकेट तिच्यासमोर यायचे. ती ते बघायची आणि पुढे सोडायची, किंवा सोडायची नाही. न सोडलेल्या मालाला लाल टॅग बांधायचा. त्याचा नियम साधा होता: ज्यानं बांधला, त्यानंच सोडायचा. मधे कोणी हात लावायचा नाही, खुर्ची कितीही मोठी असली तरी.

एकदा तिनं एक अख्खा लॉट अडवला होता. वाकवलेल्या कोपऱ्यात बारीक तडे आहेत, असं तिचं म्हणणं. जेवून परत आली तर टॅग गायब आणि माल गाडीत चढलेला. साहेबांनी स्वतः टॅग सोडले होते. "काही होत नाही हो मॅडम," असं म्हणाले. आणि खरंच काही झालं नाही. निदान कानावर तरी आलं नाही. तेच तिला आजवर सलतं. काही झालं असतं तर ती बरोबर ठरली असती, आणि तसं व्हावं असं तिला कधी वाटणंही शक्य नव्हतं. ही गोष्ट तिनं मला दोनदा सांगितली आहे, दोन्ही वेळा भांडी घासताना.

निवृत्त झाल्यावर बायका काय काय करतात याबद्दल माझ्या काही कल्पना होत्या. हिनं बफिंगचं, म्हणजे फिरत्या कापडी चाकावर धातू चकाकवायचं, छोटं मशीन आणून ड्राय बाल्कनीत स्टुलाला बोल्टनं आवळलं. शेजारचं वॉशिंग मशीन त्या दिवसापासून जरा दबून वागतं. सोसायटीतले नळ, समया, माझ्या स्कूटरचा गार्ड असं सगळं तिच्या हाताखालून गेलं. नवव्या मजल्यापर्यंत कीर्ती पोचली ती तिथून.

कामाला तिनं सुरुवात केली ती पुठ्ठ्यापासून. मिक्सरच्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन त्यावर गाडीचं पोट काढलं: सायलेन्सर इथे, मागचा मोठा ब्रॅकेट इथे, दोन क्लॅम्प इथे. मग प्रत्येक बोल्ट चित्रातल्या आपापल्या जागी भोक पाडून खोचला. डावा बोल्ट आणि उजवा बोल्ट मला तरी जुळे भाऊ वाटत होते.

"सारखेच तर आहेत," मी म्हणालो.

"तुमच्या वर्गातली पोरंही तुम्हाला सारखीच वाटायची का?"

खरं सांगायचं तर वाटायची. मी पुढचा बोल्ट तिच्या हातात दिला.

दोन दिवस बोल्ट डिझेलमध्ये बुडून होते. मग पितळी तारांच्या ब्रशानं आट्यांतला गंज, एकेका आट्यात जाऊन. रबराच्या कड्या मात्र साबणाच्या पाण्यात. डिझेल लागलं की रबर फुगतं, असं तिनं मला बजावलं, जणू मी रबरावर डिझेल ओतायच्या बेतातच होतो. ब्रॅकेट स्टीलचा होता, न गंजणाऱ्या स्टीलचा. वरचा थर निव्वळ वर्षानुवर्षांचा धूर आणि रस्ता. त्यावर आधी जाड पॉलिश पेपर, मग त्याहून बारीक, मग त्याहून बारीक, पाणी लावून. प्रत्येक पेपरला दिशा बदलायची. आधीच्या पेपरचे ओरखडे आडवे, तर आताचे उभे. आडवे सगळे गेले की पुढचा पेपर. यात घाई करता येत नाही आणि फसवताही येत नाही. एक जरी ओरखडा मागे राहिला तरी शेवटी चकाकीत तो चारचौघांत उठून दिसतो.

मी आयुष्यभर पोरांना चिकाटीवर निबंध लिहायला सांगितले. चिकाटी दिसते कशी हे मी गुरुवारी सकाळी ड्राय बाल्कनीच्या दारात उभा राहून पाहिलं. सत्तावन्न वर्षांची बाई, डोळ्यांवर चष्मा, त्यावर गॉगल, पदर खोचलेला, आणि समोरच्या फिरत्या कापडी चाकावर हळूहळू उजळत जाणारा, एरवी कोणाच्या नजरेला पडायचा नाही असा स्टीलचा तुकडा. हातात दाब इतका मोजका की चाकाचा आवाजही बदलत नव्हता.

मग तो बदलला. तिनं मशीन बंद केलं.

"अहो, इकडे या. हे बघा."

वाकवलेल्या कोपऱ्यात, बोल्टच्या भोकाजवळ, केसासारखी एक रेघ होती.

"ओरखडा राहिलाय," मी म्हणालो. इतक्या दिवसांत मला एवढं कळायला लागलं होतं.

"ओरखडा पेपरची दिशा बदलली की जातो. ही तिन्ही पेपरांना पुरून उरली." तिनं गॉगल वर सरकवला. "खडू आहे का तुमच्याकडे?"

खडू होता. निवृत्त होताना शाळेनं मला शाल, श्रीफळ आणि मानपत्र दिलं. खडूचं खोकं मात्र मी स्वतःच उचलून आणलं होतं. त्या तिन्हींपैकी काहीही पुढे उपयोगी पडलं नाही.

तिनं ब्रॅकेटवर डिझेल लावलं, अर्धा तास ठेवलं, मग कोरडा खडखडीत पुसला. वरून खडूची पूड भुरभुरवली. कोपरा पांढराशुभ्र झाला. आम्ही दोघं स्टुलाशेजारी वाकून बघत राहिलो. थोड्या वेळानं त्या पांढऱ्यात एक ओली, काळपट रेघ हळूहळू वर आली. आत शिरलेलं डिझेल बाहेर येत होतं. म्हणजे ते शिरायला आत जागा होती.

"तडा आहे," ती म्हणाली. आवाजात आनंद नव्हता. पण तिनं ते दोनदा म्हटलं.

टॅग हवा होता. तिनं कपाटातून एक लग्नपत्रिका काढली. मखमली लाल, पाच पानी, नवव्या मजल्यावरच्या घरच्याच लग्नाची. इतकी जाड की आम्हाला ती टाकूनही देता आली नव्हती. तिचा एक तुकडा कापून भोक पाडलं, तारीख आणि "तडा, वापरू नये" असं लिहून खाली सही केली आणि सुतळीनं ब्रॅकेटला बांधला. मागच्या बाजूला सोनेरी गणपतीचा एक कान राहिला होता.

संध्याकाळी मालक आला.

"काकू, नाद न्हाई! तोंड दिसतंय की यात." मग टॅग दिसला. "हे काय?"

तिनं खडूची रेघ दाखवली. त्यानं डोळे बारीक करून पाहिलं.

"ह्यो केस हाय केस. कशाला एवढं?"

"वेल्डिंग करून घे. कुरुळीला स्टीलचं वेल्डिंग करणारा आर्गनवाला आहे, माझ्या ओळखीचा. एका दिवसाचं काम."

"न्हाई हो काकू. वेल्डिंगचा डाग पडतो. प्रदर्शनात गाडीखाली आरसा ठेवत्यात. जज आरशात बघणार आन् त्याला काय दिसणार? ठिगळ! रविवारचं होऊन जाऊ द्या, सोमवारी तुमी म्हणाल ते. काय होत न्हाई."

शेवटचं वाक्य त्यानं सहज म्हटलं. त्याला काय माहीत. बायकोचा हात टेबलावरच्या पॉलिश पेपरवर होता, तो तिथेच राहिला.

"वस्तू तुझी आहे," ती म्हणाली. "घेऊन जा. पण टॅग मी सोडणार नाही."

तो बादली घेऊन गेला. ब्रॅकेटला टॅग होता तसाच. तिनं बाल्कनी झाडली, मशीनवर कापड टाकलं आणि भांडी घासायला घेतली. मी तिसऱ्यांदा ती गोष्ट ऐकायची तयारी ठेवली होती, पण ती काही बोलली नाही. ते जास्त वाईट होतं.

शुक्रवार गेला. शनिवारी सकाळी साडेआठला बेल वाजली. मालक. हातात ब्रॅकेट, ब्रॅकेटला टॅग.

"काकू," तो दारातूनच म्हणाला, "कुणी हात लावंना राव याला."

मी त्याला बसवलं, चहा दिला. मग गोष्ट बाहेर आली. काल सकाळी तो गॅरेजात गेला. मेकॅनिकनं टॅग पाहिला आणि पाना खाली ठेवला. पूर्वी तो एका कंपनीत काँट्रॅक्टवर होता. म्हणाला, भाऊ, ज्यानं बांधलाय त्याला सोडायला सांगा, मग लावतो. मालक दुसऱ्या गॅरेजात गेला. तिथल्यानं सही वाचली, विचारलं, या मॅडम कुठल्या कंपनीच्या? आणि ब्रॅकेट परत दिला. मग मालकानं आपल्या ड्रायव्हरला सांगितलं, तू सोड रे. तर ड्रायव्हर एका कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रा वाकवायच्या खात्यात, सहा वर्षं काढलेला निघाला. त्यानं हात मागे बांधले.

"ड्रायव्हर माझा! पगार मी देतो! आन् म्हनतो, साहेब, लाल हाय."

"मग तू स्वतः का नाही सोडलास?" बायकोनं विचारलं.

त्यानं बशीत चहा ओतला, फुंकला, प्यायला नाही.

"मीबी एक वर्ष कंपनीत अप्रेंटिस होतो की. जमीन इकायच्या आधी." मग हळूच, "सुतळीला हात लावला होता, खोटं न्हाई सांगत. न्हाई सुटली माझ्याच्यानं."

ज्या माणसाचे नऊ चेहरे चौकात टांगलेले असतात त्याच्या दहाव्या चेहऱ्याकडे मी पहिल्यांदाच नीट पाहिलं. बायको उठली आणि चपला घालायला लागली.

कुरुळीला आम्ही तिघं त्याच्या दुसऱ्या, मोठ्या गाडीतून गेलो. आर्गनवाला तिच्याच कंपनीतून निवृत्त झालेला, लातूरकडचा माणूस. त्यानं आधी टॅग वाचला, मग तिच्याकडे बघून म्हणाला, "बाई, अजून सुटली नाही का तुमची सवय?" आणि हसत टॅग बाजूला धरून काम सुरू केलं. तड्याच्या टोकाला सुईएवढं भोक पाडलं, म्हणजे तो पुढे पळणार नाही. मग निळसर उजेडात तडा भरून काढला. टॅग कुठे जळू नये म्हणून त्यानं ओल्या फडक्यात गुंडाळला होता. सोडायचा विचार त्याच्याही मनात आला नाही.

घरी आल्यावर तिनं आजूबाजूचा काळेपणा काढला, चकाकी परत आणली. जोडाची उंच आलेली रेघ तेवढी ठेवली.

"काकू, तेवढी घासा ना. सपाट करून टाका. आरशात..."

"नाही. घासली की ताकद जाते. आणि उद्या दुसरं कोणी खाली वाकून बघेल, तर त्याला कळायला पाहिजे कुठे बघायचं ते."

पुन्हा डिझेल, पुन्हा अर्धा तास, पुन्हा माझा खडू. या वेळी आम्ही तिघं वाकलो होतो, आणि नवव्या मजल्याचा मालक श्वास रोखून होता, जणू निकाल लागणार होता. पांढरं पांढरंच राहिलं. पाच मिनिटं. दहा मिनिटं. तिनं बोट फिरवून पूड पुसली आणि जोडावर पुन्हा टाकली. कोरडी.

सुतळीची गाठ तिनं गुरुवारी फार आवळली होती, त्यात वेल्डरच्या फडक्याचं पाणी लागून ती घट्ट बसली होती. मालकानं चटकन खिशातून छोटा चाकू काढून पुढे केला. तिनं मान हलवली. चष्मा वर सरकवला, ब्रॅकेट मांडीवर घेतला आणि नखानं गाठीचा एक एक पेड उकलायला लागली. बराच वेळ लागला. आम्ही दोघं उभेच होतो.

गाठ सुटली. तिनं टॅगवर सहीखाली आजची तारीख घातली, दुसरी सही केली, आणि ब्रॅकेट त्याच्या हातात दिला.

"घे," ती म्हणाली. "आता लाव."