दोन माणसांचं गाव

पायकूहला रस्ता नव्हता. ओमानच्या पार उत्तर टोकाला खसबच्या बंदरात लाँचमध्ये बसायचं, उघडेबोडके कातळ बघत दीडेक तास जायचं, की एका वळणावर घरांचा पुंजका दिसायचा. मागे सरळसोट डोंगर, पुढे समुद्र, पलीकडे इराण. घरं तीस-चाळीस, सगळी मासेमारी करणाऱ्यांची, आणि बोली फारसी.

म्हसळ्याचा चंद्रहास १९९४ साली गावाचा जनरेटर सांभाळायला तिथं आला. बोलायला कुणी नाही, दिवस कसे जाणार, ही त्याची पहिली धास्ती. पण शेजारची गुलबानू रोज कठड्यावर बसून गप्पा सुरू करी. दर्या, हवा, दरवाजा, बाजार, जमीन... हळूहळू त्याच्या लक्षात आलं, म्हातारीच्या तोंडचे कितीतरी शब्द आपल्याच घरातले. खसबहून बायकोला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "अगं सुगंधा, निम्मी भाषा मला आधीच येते!" तो गुलबानूला बीबी म्हणू लागला, ती त्याला चंदर.

उन्हाळ्यात अख्खं गाव खजूर उतरवायला खसबला जाई. गुलबानू मात्र जात नसे. नवरा कधीच वारलेला, मूलबाळ नाही. "शेळ्यांना पाणी कोण पाजणार?" एवढंच ती म्हणे. १९९७ साली जुनं इंजिन खोलायचं म्हणून चंद्रहासही मागे राहिला. त्या महिन्यात गावाची वस्ती दोन माणसांची.

एका दुपारी तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडताना उकळतं पाणी त्याच्या हातांवर, छातीवर उडालं. त्याची किंकाळी ऐकून गुलबानू धावत आली. घडेच्या घडे पाणी ओतून तिनं त्याला सावलीत निजवलं. जनरेटर बंद, त्यामुळे वायरलेसही मुका. तिनं घरातली लाल चादर उचलली.

"बीबी, कुठं निघालात? ऊन बघा केवढं! मराल तुम्ही."

"तू गप पडून राहा," ती म्हणाली आणि खाडीच्या तोंडावरल्या खडकाकडे चालू लागली.

ती तिथं चादर हलवत किती वेळ उभी होती, कोण जाणे. अखेर एक मासेमारी होडी वळली. नाखवा चंद्रहासला उचलायला आला तेव्हा म्हणाला, "म्हातारी अनवाणी उभी होती रे. तळपाय भाजलेत तिचे." तरीही ती होडीत चढली. कित्येक वर्षांत तिनं गाव सोडलं नव्हतं.

खसबच्या इस्पितळात केरळची नर्स हिंदीत विचारू लागली, "या बाई कोण तुमच्या?"

"आमच्या गावच्या," चंद्रहास बोलून गेला. मग त्याचं त्यालाच नवल वाटलं. म्हसळ्याच्या माणसाचं गाव हे कधी झालं?

गुलबानूचा पुतण्या दोन दिवसांनी गावात पोचला. तोवर दोन शेळ्या मेल्या होत्या. त्याबद्दल ती चंद्रहासला एक अक्षर बोलली नाही. त्याला ते पुतण्याकडूनच कळलं.

पुढं शाळेसाठी, नोकरीसाठी एकेक कुटुंब खसबला हललं. घरांना कुलपं लागली. कंपनीनं चंद्रहासला मस्कतला, वादी कबीर भागातल्या वर्कशॉपमध्ये बोलावलं. पगार जास्त, गणपतीला आपली माणसं. सुगंधाही फोनवर मागं लागली. त्यानं तिलाच हिवाळ्यात भेटीला आणलं.

पहिल्याच दिवशी दोघी बायका मासे साफ करायला बसल्या. एक मराठीत बोले, दुसरी फारसीत, आणि मधेच दोघी एकदम हसत. गुलबानूनं त्याच्या मनगटावरचे डाग सुगंधाला दाखवले, डोळे पुसले. सुगंधानं तिचे तळपाय मांडीवर घेऊन खोबरेल चोळलं.

निघताना लाँचमध्ये सुगंधा म्हणाली, "राहा तुम्ही इथं. त्या आहेत तोवर मी परत बदलीचं नाव काढणार नाही."

२००६ च्या थंडीत गुलबानू गेली. दफनाच्या वेळी पुतण्यानं मागं उभ्या चंद्रहासला हाताला धरून पुढं आणलं आणि त्याच्या ओंजळीत माती दिली. शेळ्या पुतण्या घेऊन गेला. एक कोवळी शेळी मात्र काही केल्या लाँचमध्ये चढेना. ती चंद्रहासनं ठेवून घेतली, आणि मस्कतची बदली आणखी एक वर्ष लांबवली.