लोखंडाची साक्ष

आंबलेल्या ताकाला लोखंड लागले की त्याला एक वास येतो, पावसात भिजलेल्या बिजागरीचा, तुरट, जिभेवर येण्याआधी दातांना जाणवणारा. माघातल्या एका संध्याकाळी काटेवाडीच्या शिवारात कुठेतरी उसाचे पाचट पेटवले होते, आणि त्या गोडसर धुरातूनही तो वास आमच्या गोठ्याच्या बंद दाराशी मला येऊन भिडला. मी मात्र तिथे वेगळ्याच वासाच्या शोधात उभी होते. माझे वडील चोरून दारू पितात असा मला संशय होता, आणि तो संशय माझ्याच प्रयोगशाळेत जन्मला होता.

नव्वदच्या दशकातली ती वर्षे. पुण्यात मी पेशींमधले चुंबकत्व मोजत असे. गावी गेले की वहिनी थट्टेने विचारी, पेशीला टाचणी चिकटते का? टाचणी चिकटत नाही. पण शरीरात साठलेल्या लोहाचे सूक्ष्म कण पेशींत दडलेले असतात, आणि एमआरआयच्या प्रचंड चुंबकात माणसाला निजवले की ते कण आसपासच्या पाण्याची लय बिघडवतात, मग चित्रात तेवढा भाग काळा उमटतो. तो काळेपणा नेमके काय सांगतो, लोह किती आणि कसे पसरलेले, हे उमगावे म्हणून आम्ही पेशींचे चुंबकीय क्षेत्र मोजत असू. ते इतके क्षीण असे की रस्त्यावरून एखादा टेम्पो गेला तरी यंत्राचा काटा थरथरे. त्यामुळे आकडा आला की पहिला प्रश्न ठरलेला, हा पेशीचा की टेम्पोचा? घड्याळ, बांगड्या, साडीची पिन बाहेर काढून ठेवून मी आत जाई आणि तरीही स्वतःवरच शंका घेई. ही सवय संध्याकाळी यंत्राबरोबर बंद करून घरी जाता येत नाही.

त्या हिवाळ्यात माझे वडील, तात्या, थकल्यासारखे दिसू लागले. आमच्या घरची मेंढरे केव्हाच गेली होती, कालव्याच्या पाण्यावर शेती उभी राहिली होती, दारात दुधाच्या गाई आल्या होत्या. पण तात्यांची चाल माळावरचीच राहिली होती, लांब टांगांची. ती आखूड झाली. उन्हाने रापलेली कातडी आणखी काळवंडली, बोटांचे सांधे धरले. मी त्यांना पुण्याला नेऊन एमआरआय करवून घेतला. आत जाण्यापूर्वी करदोट्याची किल्ली सोडून माझ्या हातात देत ते एवढेच म्हणाले, "जपून ठिव." चित्र आले तेव्हा यकृताच्या जागी काजळी फासल्यासारखा अंधार होता.

डॉक्टरांनी सुईने यकृताचा कण काढला, त्यातला उरलेला अंश मी मागून घेतला. जन्मदात्याच्या देहाचा एवढासा तुकडा मी यंत्राखाली सरकवला. काटा असा काही चढला की आधी मी सुईवरच आळ घेतला, पोलादाचा कण आला असेल म्हटले. पुन्हा धुतले, पुन्हा मोजले. काटा तिथेच. लोह किती, ते यंत्र सांगत होते. कुठून आले, हे सांगायला त्याला तोंड नव्हते.

डॉक्टरांनी विचारले, रक्त कधी चढवले होते का? नाही. दारू?

"न्हाय," तात्या म्हणाले.

डॉक्टरांनी मग माझ्याकडे पाहिले, आणि तात्या कपडे घालायला गेले तेव्हा हळूच सांगितले, की पीत असतील आणि ते थांबले नाही, तर हे यकृत फार दिवस साथ देणार नाही. तात्यांच्या त्या एका शब्दाकडे मी टेम्पोच्या आवाजाकडे पाहावे तशी पाहू लागले.

त्यांच्यासोबत मी काटेवाडीला आले. वहिनी चुलीपाशी दबक्या आवाजात म्हणाली, "रोज दिवेलागणीला गोठ्यात जात्यात. दार लावून घेत्यात. येताना मिशी पुसत येत्यात." मला आणखी काय हवे होते? त्यांच्या उपरण्याचा वास घेतला, कडब्याच्या गंजीमागे हात घालून बाटल्या शोधल्या, आणि एकही सापडली नाही तेव्हा समाधान वाटण्याऐवजी, किती हुशारीने लपवल्या आहेत, असे वाटले. अंगणात दिवसभर हिवाळ्याचे निर्मळ ऊन पसरलेले असे आणि मी त्यात बसून बापावर पाळत ठेवत असे.

आणि मग ती संध्याकाळ. मी दार ढकलले. गाईंच्या उबदार श्वासांच्या त्या अंधारात तात्या उकिडवे बसले होते, हातात पेला, पुढ्यात दोन कड्यांची जुनी लोखंडी कढई. तिच्यातले ताक राखेच्या रंगाचे झाले होते.

"ताक हाय," ते म्हणाले. "तुझ्या वहिनीला ही गंजकी कढई घरात नको वाटती, म्हून हितं दाराआड ठेवली. इंदापूरच्या माळावं मेंढरं असताना आमचा बा हेच पाजायचा. रातभर लोखंडात आंबलेलं. रगत वाढतंय म्हनायचा."

मी खाली वाकले आणि पेला नाकाशी नेला. त्यांनी तो नेऊ दिला. मला उलगडा झाला. आंबट ताक रात्रभर लोखंड खात होते आणि तात्या जन्मभर ते पीत आले होते. मी भराभर सगळे सांगितले, लोह, यकृत, चित्रातला अंधार, ही कढई आजपासून बंद. ते ऐकत राहिले, गाईच्या पाठीवरून हात फिरवत.

"म्हंजी कढईची साक्ष चालली," ते म्हणाले. "माझी न्हाय."

डॉक्टरांना ताकाची गोष्ट पुरती पटली नाही. अंगातच काही उपजत दोष असेल, ताकाने त्यात भर घातली असेल, असे ते म्हणाले. उपाय मात्र ठरला, साठलेले लोह उतरावे म्हणून ठरावीक दिवसांनी बाटलीभर रक्त काढून टाकायचे. रक्त वाढावे म्हणून जन्मभर ताक प्यालेला माणूस निमूटपणे हात पुढे करू लागला, आणि त्याची चाल हळूहळू पुन्हा लांब झाली. मी माफी मागितली नाही. आमच्या घरात ती रीत नाही, आणि खरे सांगायचे तर माझा संशय अजूनही पुरता विझलेला नाही. मी गावी असले आणि दिवेलागणीला ते उठले, की माझी नजर आपोआप त्यांच्यामागे जाते.

तेव्हापासून तात्या गाईंना वैरण घालायला गोठ्यात जाताना दार सताड उघडे ठेवतात. थंडीतसुद्धा. गाईंना वारा लागतो म्हणून वहिनी कुरकुरते, पण दार तसेच राहते, आणि अंगणातून मला आतले सगळे स्वच्छ दिसत राहते.